नकाशात नसलेली खिडकी

वय ६१ वर्षे, धंदा वायरमन, सध्या निवृत्त, किरकोळ कामे करतो. राहणार बेकरीच्या शेजारचे घर, पहिला मजला.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. मुलगी लग्न होऊन परगावी असते. पत्नीला मणक्याचा आजार असून ती दोन वर्षांपासून अंथरुणावर आहे. तिचा पलंग मी खिडकीला लावून दिला आहे. खिडकीतून बेकरीचे पत्रे आणि त्यापलीकडे रस्ता दिसतो. मी कामावरून आलो की रस्त्यावर दिवसभरात काय काय झाले ते ती मला सांगते.

शेजारचे बेकरीवाले यांनी मुलाचे लग्न ठरल्याने बेकरीवर मजला चढवायची परवानगी मागितली. त्यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांच्या बेकरीचे सगळे वायरिंग मीच केले आहे. खिडकीचे बोललो तेव्हा ते म्हणाले की पालिकेने नको म्हटले तर मी बांधणार नाही. म्हणून मी पालिकेत हरकत घेतली.

पालिकेत मी किती खेपा घातल्या ते आता सांगता येणार नाही. कधी साहेब मीटिंगला गेलेले, कधी रजेवर. मग साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना मी सगळे पहिल्यापासून सांगितले. पाहणीला आलेले इंजिनिअर खाली रस्त्यावरच टेप लावून निघाले. वर येऊन बघा म्हणालो, ते आले नाहीत. पत्नीने त्या दिवशी सकाळीच केस विंचरून घेतले होते.

सुनावणीत साहेबांनी सांगितले की आमच्या घराच्या मंजूर नकाशात त्या जागी भिंत दाखवली आहे, सबब उजेड अडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मी म्हणालो, साहेब, खिडकी माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे, येऊन हात लावून बघा. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही वायरमन ना? मग एक चांगली ट्यूब लावा की." लोक हसले. बेकरीवाले हसले नाहीत. परवानगी मंजूर झाली.

काल सकाळी गवंडी परांचीवर चढून काम करू लागले. दुपारी भिंत आमच्या खिडकीच्या खालच्या कडेला आली. मी परांचीवर चढलो आणि खिडकीकडे पाठ करून फळीवर बसलो. मी कोणाला शिवी दिली नाही, एकही वीट पाडली नाही. गवंडी म्हणाला, काका, बाजूला व्हा, माल सुकतोय. मी हललो नाही. बेकरीवाले खाली हात जोडून उभे होते. गर्दी जमली. मग आपले हवालदार आले, त्यांनी उतरायला सांगितले. मी म्हणालो, आधी साहेबांना इथे आणून बसवा आणि मागे भिंत आहे की खिडकी ते त्यांच्या तोंडून ऐकवा.

तेव्हा आतून ही म्हणाली, "अहो, सरका जरा. जेवढं दिसतंय तेवढं तरी बघू द्या."

मी खाली उतरलो.

मला कोणी ढकलले नाही. गुडघ्याला खरचटले ते उतरताना. बेकरीवाल्यांनी मला हात दिला आणि कालच्यापुरते काम थांबवले. आज ते पुन्हा सुरू आहे. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, त्यांचीही माझ्याविरुद्ध नाही. पालिकेच्या साहेबांविरुद्ध तक्रार घ्या म्हणालो, परंतु परवानगी कायदेशीर असल्याने ती घेता येत नाही असे मला सांगण्यात आले. मी पुन्हा परांचीवर चढणार नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'कथित खिडकी' असे लिहिले गेले होते. माझ्या सांगण्यावरून 'कथित' हा शब्द खोडून तिथे माझी सही घेतली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.