शून्य वर्षांचा अनुभव

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या मास्तरांशेजारी एक मामा आणि त्यांची भाची येऊन टेकली. मास्तरांचे कान आपोआप तिकडे वळले.

"एकशे बारा अर्ज केले, मामा. एकाही कंपनीचं धड उत्तर नाही."

"मग आज दात काढून हसतेस ती कशाला?"

"ऐक तर. परवा एका कंपनीच्या फॉर्ममध्ये विचारलं होतं, अनुभव किती वर्षं. मी शून्य टाकलं. तर फॉर्म म्हणतो, रकाना रिकामा आहे."

"आकडा लिहूनही रिकामा?"

"हो ना! आणि वर जाहिरात काय, नवख्यांना प्राधान्य!"

"मग एक लिहून मोकळं व्हायचं."

"खोटं कशाला लिहू? त्या पानाचा कोड उघडला, चुकलेली ओळ शोधली आणि ती कशी सुधारायची ते त्यांनाच कळवलं."

"आगाऊ कुठली! चिडले असतील."

"त्यांच्या मॅडमचा फोन आला. तीन महिने एकही नवखा अर्ज का करत नाही, म्हणून त्या डोकं धरून बसल्या होत्या."

"मास्तर, चला आत," नर्स म्हणाली.

"दोन मिनिटं थांबा हो," मास्तर सुजल्या तोंडाने म्हणाले.

"पुढे काय झालं, सांग ना!" मामांनी भाचीला विचारलं.

"काल मुलाखत झाली. सोमवारपासून रुजू व्हायचंय."

"अगं, मग आधी सांगायचं नाही का!"

"पण मुलाखतीआधी तोच फॉर्म पुन्हा भरायला लावला. नियम म्हणजे नियम."

"अनुभव किती लिहिलास?"

"शून्यच. या वेळी मुकाट्याने घेतलं त्याने."