सूनबाईचा हाउएव्हर

…बरं, धरला पत्ता उलटा! मला वाचता येत नाही, हे साऱ्या घराला माहीत आहे. ज्याला सुलटं कळत नाही, त्याला उलटं कुठून कळणार? पण एवढ्याशा पत्त्यावरून मी जे ऐकून घेतलं ना… बसा, सांगतो. तुम्हाला घाई नाही ना? मला तर कसलीच नाही.

तुम्हाला सांगतो, मी जन्मभर लिफ्टमन. मोठी कचेरी, त्यात एक लिफ्ट, लिफ्टमध्ये एक स्टूल आणि स्टुलावर मी. दार उघडायचं, दार लावायचं. माणसं बोलत आत यायची आणि बोलत बोलतच निघून जायची. "साहेबांना सगळं कबूल आहे हो, पण…" की दार उघडलं, गेला माणूस! त्या 'पण'च्या पुढं काय होतं, ते वरच्या मजल्यावरच्या भिंतींना ठाऊक. एकदा एक बाई दुसरीला सांगत होती, "मुलगी लग्नाला तयार होती गं, तरीसुद्धा…" दार उघडलं! अहो, तरीसुद्धा काय? झालं का लग्न? मोडलं का? ती मुलगी अजून माझ्या डोक्यात बिनलग्नाची बसून आहे.

म्हटलं, रिटायर झालो की घरी बसून पुरती वाक्यं ऐकू. कसलं काय! बायको गेली, बोलणं तिच्याबरोबर गेलं. मुलगा कारखान्यातून येतो, कानात ती गाण्याची बोंडं घालतो. "जेवलास का रे?" "हं." "उद्या सुट्टी का?" "हं." जेवलाय म्हणून सुट्टी आहे, का सुट्टी आहे म्हणून जेवलाय, काही पत्ता लागत नाही. घरात सगळ्यांत जास्त बोलतो तो आमचा फ्रिज. तोही मधूनच गप्प होतो.

राहिली सूनबाई. ती नर्स. वॉर्डातली माणसं उचलून उचलून तिची पाठ गेली, पट्टा बांधून कामावर जायची. डॉक्टर म्हणाला, उचलायचं काम सोडा. सोडून खायचं काय? तेव्हा तिनं ठरवलं, नर्सना शिकवणारी व्हायचं. त्याचा अभ्यासक्रम होता. सगळं पास झाली, अडलं एका इंग्रजी निबंधाला. विषय काय, तर वॉर्डात रुग्णाला भेटायला येणाऱ्यांवर बंधन असावं का. तीनदा लिहायची मुभा, तिन्ही वेळा नापास तर नाव कमी. म्हणजे पुन्हा वॉर्ड, पुन्हा पट्टा.

पहिला निबंध परत आला. तपासणाऱ्या बाईंना आम्ही घरात लालबाई म्हणायचो, शाईवरून. लालबाईंचा शेरा सूनबाईनं वाचून दाखवला, "वाक्यं चांगली आहेत, पण एकमेकांना ओळखत नाहीत." मी म्हटलं, "मग आपल्या घरावरच लिहिलंस की गं!" कुणी हसलं नाही. मुलगा म्हणाला, "हं."

मग सूनबाईनं औषधांच्या खोक्यांचे तुकडे कापून पत्ते केले. प्रत्येकावर वाक्यं जोडायचा एक शब्द. म्हणाली, "बाबा, मी एक वाक्य बोलते. तुम्ही एक पत्ता काढून मला दाखवा. तो शब्द घेऊन मी पुढचं वाक्य जोडते. हा मोरओव्हर, म्हणजे शिवाय. हा देअरफोर, म्हणजे म्हणून. हा नेव्हरदलेस, म्हणजे तरीसुद्धा."

मी दचकलोच. "तरीसुद्धा? मग त्या मुलीचं काय झालं?"

"कुठल्या मुलीचं, बाबा?"

"काही नाही. तुझं चालू दे."

"आणि हा हाउएव्हर. म्हणजे पण."

अहो, एवढा लांबलचक पण! आमच्या लिफ्टमध्ये कुणी तो म्हणायला घेतला असता, तर त्याचा मजला निघून गेला असता!

रोज संध्याकाळी आमचा डाव. तुम्हाला सांगतो, मला फार बरं वाटायचं. समोर कुणी बसतंय, माझ्या हाताकडं बघतंय, आणि पत्ता काढला की पुढं काहीतरी येतंच! पण काय झालं, सूनबाई थकलेली, ड्यूटी करून आलेली, तिनं खरा निबंधच त्या पत्त्यांवर लिहायला घेतला. "भेटायला आलेली माणसं रुग्णाला धीर देतात," ती म्हणाली. मी काढला पत्ता. देअरफोर! "म्हणून… म्हणून त्यांना बाहेर काढावं."

मी म्हटलं, "अगं, असं कसं? धीर देतात म्हणून बाहेर?"

"बाबा, शब्द पाहिजेत! लालबाईंना शब्द पाहिजेत. काढा पुढचा."

काढला. माझा हात जाईल तिकडं निबंध वळायचा. लिफ्टनंतर पहिल्यांदाच माणसं माझ्या हातानं वर-खाली होत होती.

परत आला! लालबाईंनी लिहिलं होतं, "पहिल्या पानावर नातेवाइकांना आत घेता, दुसऱ्यावर हाकलता, तिसऱ्यावर पुन्हा बोलावता. जोडणारे शब्द भरपूर, जोडलेलं काहीच नाही." सूनबाई स्वयंपाकघरात फरशीवर बसली, पाठ भिंतीला लावून. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, काहीतरी बोलता तरी आलं असतं.

आता एकदाच लिहायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बसली, पत्ते माझ्यापुढं सरकवले. मी एक काढला. धरला पत्ता उलटा. आणि फुटली हो सूनबाई!

"बाबा! तुम्ही चष्मा लावत नाही, म्हणून पत्त्याच्या वरच्या कडेला केलेली साधी खूणही दिसत नाही तुम्हाला! शिवाय ओला टॉवेल रोज माझ्या गादीवर टाकता. इतके दिवस मी बोलले नाही, कारण तुम्हाला वाईट वाटेल. तरीसुद्धा तुम्ही टाकताच, त्यामुळे मला रोज वाकावं लागतं, आणि वाकलं की माझी पाठ भरून येते. पण ह्या घरात माझं ऐकायला दुसरं बसतं कोण? म्हणूनच चिडायचं झालं तरी तुमच्यावरच चिडते!"

एका दमात! मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. अपमानानं नव्हे हो… वाक्य पुरं झालं होतं! 'पण' म्हणाली आणि पुढचंही म्हणाली. कुठं दार उघडलं नाही, कुणी उतरलं नाही. कित्येक वर्षांत माझ्याशी सलग एवढं कुणी बोललं नव्हतं.

मी म्हटलं, "पुढं?"

"पुढं काय? संपलं," म्हणाली. पत्त्यांकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, आत्ता एकही शब्द मी पत्त्यावरून घेतला नाही."

"नाहीच घेतलास."

तिनं पत्ते डब्यात टाकले, झाकण लावलं आणि लिहायला बसली. समोर लालबाई उभ्या आहेत आणि आपण त्यांच्याशी कडाकडा भांडतोय, अशी लिहीत होती. हाउएव्हर एकदाच आला, म्हणाली, जिथं खरंच वळायचं होतं तिथं.

पास झाली. लालबाईंनी लिहिलं, "वाचताना कुठं अडले नाही." पट्टा सुटला, शिकवायला जायला लागली. आनंद आहे हो, मनापासून आनंद आहे. पण डाव मोडला ना! आता संध्याकाळी ती विद्यार्थिनींचे निबंध घेऊन बसते, हातात लाल पेन. आमच्याच घरात लालबाई झाली! मुलगा? हं.

मग मी काय केलं… हसू नका. ओला टॉवेल मुद्दाम गादीवर टाकला. म्हटलं, चिडेल, पुन्हा सलग काहीतरी ऐकायला मिळेल. तिनं मुकाट्यानं उचलला, वाळत घातला. दुसऱ्या दिवशी दोन टाकले. "असू दे, बाबा," म्हणाली. पाठ बरी झाली ना तिची, आता वाकायचा राग येत नाही!

आज सकाळी खांद्याला पिशवी लावून निघता निघता थांबली. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाबा, किती दिवस झाले, आपण बसलोच नाही. आज संध्याकाळी नक्की बसले असते, पण…"

आणि दार उघडलं. ह्या वेळी तर मी उघडलंही नव्हतं हो!

…उठलात? काय म्हणता? अजून ऐकलं असतं, पण…?

हं. दार ओढून घ्या.