वीस मिनिटं हालचाल नाही

नाही नाही, भिंत चाचपू नका, तिथे बटण नाहीये. कुठेच नाहीये. सगळ्या भिंती कोऱ्या करून घेतल्यात मी, दीड वर्ष झालं. तुम्ही नुसते आत या — आलात ना — बघा, लागला दिवा. कोणी लावला? कोणीच नाही. तो वर कोपऱ्यात पांढरा ठिपका दिसतोय ना, लिंबाएवढा, त्याला कळलं तुम्ही आलात. डोळे वगैरे नाहीत त्याला, हालचाल कळते फक्त. माणूस हलला की दिवा. चपला राहू द्या हो — बरं, काढल्यात तर काढल्यात. बसा. म्हणजे बसा, पण फार स्थिर बसू नका, अधूनमधून जरा हलत राहा, नाहीतर दिवा जातो. सवय होते. आमच्याकडे येणारे सगळेच हलतात. शेजारचे डॉक्टर येतात ते बोलताना सारखी मान डोलवत असतात, समोरच्याला वाटतं यांना आपलं पटतंय.

तर हिनं पाठवलंय तुम्हाला. बायकोनं माझ्या. मला वाटलंच होतं एक दिवस दारात वायरमन उभा राहणार. काय काम सांगितलंय, किती बटणं, कुठे कुठे — नको, सांगू नका, मला आत्ता ऐकायचंच नाही. सगळीकडे बसवा म्हणाली असणार, दुसरं काय. तुम्ही आधी घर बघून घ्या, मग फोडा काय फोडायचं ते. ती स्वतः नाही आली बरोबर? नाही, आपलं विचारलं. बहिणीकडे असते सध्या. चार दिवस म्हणून गेलीय — आज अकरावा. येईल की. न यायला काय झालंय. फोनवर बोलतो आम्ही — म्हणजे मी बोलतो, ती 'हं' म्हणते. तुमच्याशी बोलली का जास्त? कशी वाटली? जाऊ द्या, तुम्ही वायरमन, तुम्हाला कशाला त्यात ओढू.

मी पहिल्यापासून असा नव्हतो बरं का. वजनकाटे तपासायची नोकरी माझी, उभा जन्म दुकानदारांच्या काट्यांत खोट शोधण्यात गेला. निवृत्त झालो आणि पहिल्याच महिन्यात कंटाळून एक प्लग आणला — मोबाइलवरून चालू-बंद होणारा. त्याला पाणी तापवायची किटली जोडली. अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवर बोट ठेवलं आणि तिकडे किटली सुरू. काय आनंद झाला सांगू तुम्हाला, पोरासारखा झाला. ही म्हणाली, छान, आता किटलीत पाणी भरायला कोण उठणार? मीच उठलो. पण तिथून जी चटक लागली — मग पंखे, मग गिझर, मग पडदे, मग दाराचं कुलूप. रात्रंदिवस तेच डोक्यात. पडद्यांची मोटर तर मी स्वतः बसवली, दोनदा काढून तिसऱ्यांदा जमली. एकदा वायफाय गेलं आणि पडदे उघडेनात, भर दुपारी आम्ही दोघं अंधारात जेवलो. मी म्हटलं, हातानं ओढलेस तर दाते तुटतील मोटरचे. हिनं ताटाशेजारी मेणबत्ती आणून ठेवली. बाहेर रणरणतं ऊन आणि आत मेणबत्ती. आता हसू येतं मला, तेव्हा मी चिडलो होतो.

ती शेल्फवरची डबी बघताय ना — ती बोलते. विचारा काहीही. नको, आता नको, दोघं एकदम बोललो की ती गोंधळते. तिचं आणि हिचं पहिल्या दिवसापासून वाकडं. ही छापखान्यात प्रुफं तपासायची, सदतीस वर्षं. हिला पानावर आधी चूक दिसते, मजकूर नंतर. तर ही म्हणाली, 'स्वयंपाकघरातला दिवा लाव,' आणि डबी म्हणाली, 'मला समजलं नाही.' मी म्हटलं, जरा सावकाश बोल, शब्द सुटे सुटे कर. ही माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, सदतीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या आणि आता ही टीचभर डबी माझ्या काढणार? तेव्हापासून डबीचं नाव 'तुमची ती'. 'तुमच्या तिला सांगा पंखा कमी करायला.' 'तुमची ती आज सकाळपासून गप्प का?' खिडकी उघडी असली की शेजारी चमकून बघायचे. ही मला म्हणे, तुम्ही तिच्याशी किती गोड बोलता हो, माझ्याशी असं कधी बोललात?

आणि मेहुणी. जिच्याकडे ती आता राहतेय ना, तीच. एकदा आली होती राहायला. आंघोळीला गेली. आता आत पडदा लावलेला, पडद्याआडचं ठिपक्याला दिसत नाही — माझी चूक, मान्य आहे, तो दुसऱ्या भिंतीवर हवा होता — आणि तिथे दिवा जायला मी पाचच मिनिटं ठेवलेली. मेहुणी डोळ्यांत साबण घालून उभी आणि दिवा गेला. आतून हाका. मी धावलो, दाराबाहेरून सांगतोय, हात हलवा, पडद्याबाहेर हात काढून हलवा. ती आतून म्हणते, भावोजी, मी काय हलवायचं ते हलवेन, तुम्ही आधी दारापासून लांब व्हा. त्यानंतर ती इथे राहायला आलेली नाही. आता बहिणीचे कान भरत असेल. भरू दे. तिच्या जागी मी असतो तर मीही भरले असते.

हॉलमध्ये वीस मिनिटं ठेवलीत. वीस मिनिटं हालचाल नाही म्हणजे घर रिकामं, असा नियम. मग दिवे बंद, पंखे बंद, दाराला कुलूप, माझ्या मोबाइलवर निरोप — 'घर रिकामं'. नियम चांगला आहे, विजेचं बिल दाखवतो हवं तर. घोळ एकच — ही वाचते. आणि वाचताना ही हलत नाही. पान उलटेल तेवढीच, तेवढं ठिपक्याला कळत नाही. ती त्या खिडकीपाशी, त्या खुर्चीत बसणार, दिवा जाणार, आणि ही मान वर न करता डावा हात उचलून हलवणार. दिवा लागला की पुढे वाचणार. मी कौतुकानं बघायचो. म्हणायचो, बघ, झाली की नाही सवय. एका दिवसात किती वेळा हात हलवला ते मोजलंसुद्धा मी — नोंद असते ना सगळ्याची — एका रविवारी अकरा वेळा. तिला दाखवलं. तिनं ते बघितलं आणि मोबाइल मला परत दिला.

तुम्ही हलला नाहीत बराच वेळ. हां, असं. बरं का, मग तो दिवस — सांगायचं नाही म्हणत होतो. हिचा छापखान्यातला शेवटचा दिवस. निरोपसमारंभ दुपारी, ही म्हणाली होती चारला घरी येईन, तुम्ही असा. सदतीस वर्षांत तिनं मला 'तुम्ही असा' असं कधी म्हटलेलं नाही. मी म्हटलं असणार म्हणजे असणारच. आणि मी बाजारात. कशासाठी? तिच्याचसाठी. एक नवीन ठिपका निघालाय, त्याला नुसती हालचाल नाही, माणसाचा श्वास कळतो. माणूस दगडासारखा बसला तरी त्याला कळतं की माणूस आहे. म्हटलं, आजच्या दिवशी घेऊनच जाऊ, हिला आता हात हलवायला नको. दुकानात गर्दी, त्यात त्यांना तो सापडेना. पावणेपाचला मोबाइल बघितला — 'घर रिकामं'. म्हटलं, बरं झालं, समारंभ लांबलेला दिसतोय. मग जरा निवांत झालो. दुकानदाराशी गप्पा मारल्या, त्याचा काटासुद्धा बघून दिला. साडेसात वाजले घरी यायला. दार उघडलं, दिवा लागला, आणि ही खुर्चीत. मांडीवर फुलांचा गुच्छ. शाल तशीच खांद्यावर. चारपासून बसलेली. वीस मिनिटांनी दिवा गेला, मग पंखा गेला, मग दाराला आतून कुलूप लागलं, आणि ही तशीच. मी म्हटलं, अगं, हात नाही का हलवायचास? आणि ती म्हणाली — आवाज चढवला नाही हो तिनं, चढवला असता तर बरं झालं असतं — म्हणाली, माझ्याच घरात मी आहे हे सांगायला मी हात का हलवायचा?

आणि मी काय केलं असेन? मी पिशवीतून डबा काढला. म्हटलं, आता प्रश्नच मिटला, याला तुझा श्वास कळेल. असं म्हणालो मी. ऐकून तुम्हीसुद्धा खाली बघायला लागलात. सकाळी तिनं बॅग भरली, चार दिवस जाऊन येते म्हणाली. तो डबा अजून तिथेच आहे टेबलावर, सीलसुद्धा काढलं नाही. मन होत नाही. ती गेल्यापासून घर कसं सुतासारखं सरळ चालतंय बघा, एक तक्रार नाही, एक चूक नाही, मनात आणलं तर अजून चार गोष्टी जोडता येतील. परवा संध्याकाळी मी तिच्या खुर्चीत बसलो. सहजच. काही वाचत नव्हतो. दिवा गेला. पंखा गेला. खिशात मोबाइल वाजला, बघतो तर 'घर रिकामं'. मी मोबाइल हातात धरून बसलोय आणि तो मला सांगतोय घर रिकामं. हात नाही हलवला मी. फार वाईट वाटलं. तीन-साडेतीन तास ती अशी बसली होती. तुम्हाला म्हणून बोललो, हे अजून कोणाजवळ बोललेलो नाही. तेव्हा बसवा तुम्ही बटणं. सगळ्या खोल्यांत बसवा, हव्या तेवढ्या भिंती फोडा, मी मध्ये येत नाही. तिला फोनवर तेवढं सांगा की ते काही बोलले नाहीत म्हणून.

अहो — तिकडे कुठे? ती झोपायची खोली. तिथे काय आहे, पसारा आहे नुसता, मी अंथरूणसुद्धा — थांबा, उचलतो. हे काय, टेप कशाला? हॉलमधलं आधी नाही का करायचं? स्वयंपाकघरातलं? नाही? मग? एकच? एवढ्या सगळ्या घरात एकच बटण सांगितलं तिनं? नीट ऐकलंत ना तुम्ही? बाकीचं काही काढा, फेका, तोडा — असं काही नाही? कमाल आहे. आणि ते एक इथे. इथे म्हणजे पलंगाच्या — त्या बाजूला कशाला जाताय, मी या बाजूला झोपतो, माझी उशी ही. नाही? तिनं डावीकडे सांगितलं? खिडकीकडच्या?

ती तिची बाजू आहे.

वाचायच्या दिव्याचं बटण. तिच्या उशाशी. स्वतः सांगितलं तिनं, तुमच्याकडे येऊन. कधीपर्यंत बसवा म्हणाली? — शनिवारच्या आत. बरं. बरं. शनिवार म्हणजे परवाच की. नाही, मला काही होत नाहीये, तुम्ही तुमचं काम करा. पेन्सिलची खूण कुठे केलीत बघू. एवढ्या वर नको. चार बोटं खाली घ्या. अजून जरा — हां, तिथे. कुशीवर असते ती, पुस्तक मिटलं की तिचा हात बरोबर तिथे येतो. टेप लावायची गरज नाही, मला माहितीये.

सुरू करा तुमचं मशीन. मी आता काही बोलत नाही.