हवा भल्ली, तेल कमी

...तं मी म्हनतो, हवा कोंबाची गरजच काय होती? सांगा ना! गाडी छोटी, जुनी, धा हात फिरेल, पन वाशीमच्या बाजारात बरी चालत होती. फक्त पातूरचा घाट आला का उतरून ढकला लागे. ढकलावं ना मंग! पन नाही. आमचा हुकूमचंद, धान्याचा व्यापारी, त्याले कोन्या ट्रकवाल्यानं सांगतलं, "शेठ, फॉरेनात इंजिनात हवा कोंबतेत, गाडी दुप्पट जोर करते." झालं! गोदामात तूर उफनाचा पंखा पडेलच होता. हेमसिंग मिस्त्रीनं पट्टा लावून तो पंखा इंजिनाले जोडला, अन् मंग डोकं खाजवत म्हने, "शेठजी, एक भानगड हाये. हवा वाढली तं पेट्रोलबी तेवढंच वाढलं पाह्यजे. नाही तं इंजिन भाजते." म्हंजे काय... हवा भल्ली, तेल कमी!

आता याले सस्ता इलाज पाह्यजे. आधी कार्बोरेटरचं भोक मोठं केलं, तं गाडी सपाटीवरच काळा धूर ओकून राह्यली, लोकं नाकाले रुमाल लावून पळत. मंग फटफटीचा कार्बोरेटर जोडीले लावला, तं दोघायचं एक दिवसबी पटलं नाही. नवा मोठा मुंबईहून मागवा म्हटलं तं शेठच्या तोंडाले कोरड! अन् मंग हेमसिंगनं जे काढलं ना, तुमाले सांगतो, अशी अक्कल देवानं कोनाले देऊ नये! सलाईनची बाटली! दवाखान्यातली, काचीची! भरली पेट्रोलनं, आतून टपाले टांगली, रबरी नळी नेली थेट कार्बोरेटरच्या तोंडात, अन् थेंब कमीजास्त कराची चकरी देली कोनाच्या हातात? बायकोच्या! अंगुरीबाईच्या!

"चढ आला का उघडाची, उतार आला का बंद कराची," हुकूमचंद म्हने. "यात का लागते?"

अंगुरीबाईनं चकरी धरली. तिचा जीव अकोल्यात अडकेल. तिची माय हीराबाई, साठीची बाई, पर्युषणाचे आठ उपास धरून बसेल, नुसत्या उकळेल पान्यावर. अन् याच दीडशहान्यानं पत्र टाकलं होतं, "पारनं अंगुरीच्याच हातानं करा, सकाळी नऊले गाडीनं हजर करतो." म्हातारीनं तसा नेमच घेऊन टाकला! मुगाचं पानी पाजन तं अंगुरीच, दुसऱ्याच्या हातानं नाही. अन् सूर्य बुडाला का संपलं, मंग घासबी नाही अन् थेंबबी नाही, रात्रभर.

पारन्याच्या दिवशी सूर्य निंघताच दोघं निंघाले. मालेगावपर्यंत एकच, "उघड! बंद! अवं बंद म्हनलं ना!" बिचारीचा अंगठा सुजला, पेट्रोलच्या वासानं डोकं भणभण. मालेगावात प्लग काळे झाले, ते घासले. मेडशीत पंख्याचा पट्टा तुटला. हेमसिंगले निरोप गेला, तो नवा पट्टा घेऊन आला... कायनं आला? एसटीनं! दुपार झाली होती, बाप्पा! तीच एसटी अकोल्याले चालली. कंडक्टर म्हने, "या ना बाई, जागा हाये."

अंगुरीबाई उठली.

"बस खाली!" हुकूमचंद खेकसला. "दारात गाडी असून बसमंदी? सासुरवाडीत हासतीन मले!"

तिले वाटलं, तीच बाटली याच्या डोक्यात हानावी. पन बसली. ती उतरली तं चकरी कोन धरन? तिची माय तिकडे कोरड्या ओठानं वाट पाहून राह्यली अन् इकडे एसटी गेली धूळ उडवत.

घाट लागला चार वाजता. "उघड!" उघडली. "अजून उघड!" "अहो, पुरी उघडीच हाये!" बाटली भरेल, अन् थेंब पडेना! रबर पेट्रोल पेऊन पेऊन फुगलं, नळी आतून बंद! पंखा आपला घुं घुं करते, कोंबून राह्यला... हवा भल्ली, तेल कमी! इंजिन आधी टकटक वाजलं, मंग आतून धाडकन आवाज, अन् सारं शांत. हुकूमचंद बॉनेट उघडून गंभीरपनानं म्हने, "मले वाटते, नळी तांब्याची लावली पाह्यजे."

अंगुरीबाईनं सूर्याकडे पाह्यलं. मागून दुसरी एसटी येऊन राह्यली होती. बाई रस्त्याच्या मधात जाऊन हात पसरून उभी!

"तुमी नळी बदला," ती म्हने. "माही माय उपाशी हाये." अन् चढली.

अकोल्यात पोचली, पळत पळत दारात गेली. सूर्य बुडून पाच मिनटं झाली होती. पाचच मिनटं हो! तरी तिनं वाटी उचलली, "माय, घे ना वं..." हीराबाईचे ओठ फुटेल, आवाज निंघेना, पन तिनं नाही म्हनून मान हालवली. नववा उपास धरला होता तिनं. अंगुरीबाई पायावर पडून हमसून रडली, "माय, त्यायनं केलं वं हे, त्यायच्या त्या गाडीनं!"

म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. अन् काय म्हनावं? "रडू नको. उपास करनाऱ्याले जेवढं पुन्य, तेवढंच करवनाऱ्यालेबी."

सकाळी पारनं झालं, अंगुरीच्याच हातानं, म्हातारी सुखरूप. दुपारी हुकूमचंद बैलजोडीमागं गाडी बांधून आला, सासूचं ते बोलनं त्याच्या कानावर पडलं, अन् आता वाशीमभर सांगत फिरते, "नववा उपास माह्या पंख्यानं घडवला!"

माह्या बायकोनं अंगुरीबाईले इचारलं, "तू भांडली नाही का वं?"

तं ती म्हने, "भांडू कशी? पुन्यवान मानूस हाये ना!"