सभासद हयात असल्याबाबत

मी खाली सही करणारी, वय ४१, धंदा लॅबतर्फे घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेणे, राहणार वडिलांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत. आज ठाण्यात स्वतःच्या पायाने आले आहे, मला कोणी पाठवलेलं नाही. समक्ष विचारल्यावरून सांगते की, हवालदार साहेबांनी माझा जबाब माझ्याच शब्दांत लिहून घ्यायचं कबूल केलं आहे. मध्ये मध्ये त्यांचा ‘सदर’ येतो, त्याला माझी हरकत नाही.

माझे वडील लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाले आहेत. आईच्या हृदयाची झडप खराब होती. तिला दोन जिने चढले की धाप लागायची, म्हणून मागच्या उन्हाळ्याआधी वर्षभर ती दवाखाना सोडून कुठेही गेली नव्हती. ऑपरेशनसाठी वडिलांनी पैसे बाजूला ठेवले होते. वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करते आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकटी राहते. आई आणि आत्या नणंद-भावजय असल्या तरी दोघींचं गूळपीठ होतं. वडिलांची टिंगल करायची असली की दोघी एका बाजूला.

मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला वडिलांना एका कंपनीचा फोन आला की सोडतीत तुमचा नंबर निघाला आहे, डोंगरातल्या आमच्या विश्रामगृहात तीन दिवस फुकट राहायला मिळेल. अट एकच. नवरा-बायको दोघांनी यायचं आणि एक दुपार बसून माहिती ऐकायची. एकट्या बाईला मिळणार नाही, एकट्या पुरुषालाही नाही. वडील नको म्हणाले. आईला मात्र ते तीन दिवस हवे होते. ती म्हणाली, “व्हरांड्यात खुर्ची टाकून बसेन. कुणी सांगितलंय फिरायला?”

पण ती माहिती ऐकायला अख्खी दुपार हॉलमध्ये बसणं तिला झेपणार नव्हतं. तेव्हा आईच आत्याला म्हणाली, “वन्सं, तुम्हीच जा माझ्या जागी. नवरा काय, तुमच्या ओळखीचाच आहे.” आत्या म्हणाली, “वहिनी, तुमचा नवरा माझ्या गळ्यात नको. लहानपणी भोगलाय मी पुरेसा.” मग सही लागलीच तर म्हणून आईने पलंगावर बसून, मांडीवर ताट उपडं ठेवून, आत्याला स्वतःची सही शिकवली. शेवटच्या अक्षराची शेपटी आत्याला जमेना. आई म्हणायची, “अहो, इतकी सरळ नको. मी कधी सरळ आहे का?” त्या वेळी मी तिथे हजर होते आणि मीही हसले. हे लिहावं.

शेवटी वडील आणि आत्या माहिती ऐकायला गेले, ते मी पाहिलेलं नाही. आत्याने त्याच संध्याकाळी आईला सांगितलं तसं सांगते. मोठा हॉल होता. गोल टेबलं, मोठमोठ्याने गाणी, आणि कोणी सही केली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. प्रत्येक टेबलावर एक मुलगी किंवा मुलगा. यांच्या टेबलावरची मुलगी गोड बोलणारी होती. तिने विचारलं, “काका घरात मदत करतात का हो, काकू?” आत्या म्हणाली, “प्यायलेला पेला जागचा हलवत नाहीत.” ती मुलगी म्हणाली, “बघा, अगदी मुरलेलं जोडपं!” हे ऐकताना आई इतकी हसली की तिच्या पाठीला उशी द्यावी लागली.

माहिती अशी होती की दरवर्षी एक आठवडा त्यांच्या जागेत आपला. पंचवीस वर्षं. नको झालं तर विकता येईल, दुसऱ्याला देता येईल, आणि दहा दिवसांत रद्द केलं तर पै न पै परत. माझे वडील भोळसट नाहीत. आयुष्यभर दोर तपासल्याशिवाय त्यांनी कुणाला लिफ्टमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. पण त्यांना दुपारभर उठू दिलं नाही. उठायला लागले की अजून एक साहेब यायचा, अजून कमी भाव सांगायचा. घरी आई एकटी होती, तिच्याकडे त्यांचा जीव अडकला होता. शेवटी त्या मुलीने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वडिलांना म्हणाली, “काका, यांनी जन्मभर तुमचं केलं. तुम्ही यांच्यासाठी एवढंही करणार नाही?” वडिलांनी मला नंतर सांगितलं की त्या क्षणी समोर बहीण बसली आहे हे त्यांच्या डोक्यातूनच गेलं. त्यांनी ऑपरेशनचे पैसे ज्या खात्यात होते त्याचं कार्ड काढून दिलं. टाळ्या वाजल्या. दोघांचा फोटो काढला. त्यावरून जे सभासदाचं कार्ड बनलं त्यावर चेहरा आत्याचा आणि नाव आईचं आहे.

पैशांचं कळल्यावर आईचं हसू थांबलं. ती वडिलांना रागावली नाही. म्हणाली, “उद्याच्या उद्या जाऊन मोडून टाका.”

उद्याच्या उद्या ते झालं नाही. कंपनीच्या ऑफिसात साहेब रजेवर, मग साहेब दौऱ्यावर, मग सोमवारी या. नवव्या दिवशी सांगितलं की दोघांनी ओळखपत्र घेऊन यायचं. घेताना कोणी ओळखपत्राचं नाव काढलं नव्हतं, मोडताना दोघांचं हवं होतं. वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी आईला खुर्चीत बसवून खाली आणलं आणि टॅक्सीने नेलं. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर ‘बंद आहे’ अशी पाटी. वडील त्या लिफ्टसमोर थोडा वेळ उभे राहिले. ती सुरू करायला अर्धा तास लागला असता, असं ते मला नंतर म्हणाले. त्या दिवसाबद्दल ते आपणहून एवढंच बोलले आहेत. बाकीचं मला आत्याने सांगितलं, ती सोबत गेली होती.

आई खाली टॅक्सीतच बसली. वडिलांनी मॅनेजरला विनवलं की साहेब, दोन मिनिटं खाली चला. तो खिडकीपाशी गेला, वरूनच टॅक्सीकडे पाहिलं, आईच्या ओळखपत्रावरचा फोटो सभासदाच्या कार्डाशेजारी धरला आणि म्हणाला, “या आमच्या मेंबर नाहीत.” नेमकं तिथेच घोडं अडलं. वडिलांना खोटं रेटून नेता येत नाही. त्यांनी होतं तसं सगळं सांगितलं. मॅनेजर अजिबात चिडला नाही. म्हणाला, “काका, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच बाईला बायको म्हणून आणलंत, आणि तिने खोटी सही केली. हे आम्ही पोलिसांत दिलं तर तुम्ही आणि तुमच्या भगिनी, दोघंही आत. कशाला त्या भानगडीत पडता? चालू ठेवा. छान जागा आहेत आमच्या.” म्हणजे खरी बाई कोण हे सदर कंपनीला त्या दिवसापासून माहीत आहे. या वाक्याखाली रेघ मारावी अशी माझी विनंती आहे.

वडिलांनी चालू ठेवलं. देखभालीचा वर्षाचा हप्ता भरला. फुकटच्या तीन दिवसांसाठी जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा जागा भरलेल्या होत्या. ऑपरेशन पुढच्या महिन्यावर गेलं, मग त्याच्या पुढच्या महिन्यावर. मी लॅबमधून उचल मागितली, आत्याने कॅन्टीनच्या मालकाकडे शब्द टाकला. जुळत आलं होतं.

आईने दहा फेब्रुवारीला सकाळी घरीच प्राण सोडला. मी त्या वेळी एका आजोबांचं रक्त घेत होते. माझा फोन वाजत होता. सुई आत असताना मी फोन घेत नाही.

त्यानंतर वडील मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेले. दोघांपैकी एक सभासद वारला तर करार सोडता येतो असं त्या मुलीने हॉलमध्ये सांगितलं होतं. काउंटरवरच्या माणसाने दाखला पाहिला, संगणकात पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम तर हयात आहेत.” वडील म्हणाले, “हा दाखला बघा ना.” तो म्हणाला, “या बाई आमच्या मेंबर नव्हत्या, हे तुमच्या समोरच ठरलंय ना? आमच्या मेंबरचा फोटो हा. या वारल्या का?” वडील आत्याच्या फोटोकडे बघून म्हणाले, “नाही.” आणि दाखला घडी घालून घरी परत आले. हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं नाही.

मला कळलं ते असं. एप्रिल महिन्यात मी काम आटोपून दुपारी वडिलांसाठी डबा घेऊन गेले. स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज येत होता. ती फोनवर आईचं नाव सांगून म्हणत होती, “हो, मीच बोलतेय. तब्येत आता बरी आहे. हप्ता भरतोय ना आम्ही.” माझ्या हातून डबा ओट्यावर आपटला. मी आत्याला नको नको ते बोलले. मी म्हणाले, “तिची साडी पण नेस आता, तेवढंच राहिलंय!” आत्या खाली बसली. म्हणाली, “मग काय करू गं? दर आठवड्याला फोन येतो, मॅडमना द्या म्हणतात. नाही म्हटलं तर दादाला आत टाकतील. या वयात आत टाकतील त्याला.” वडील दारात उभे होते. म्हणाले, “तिला बोलू नकोस. मीच फोन तिच्या हातात देतो.”

त्या दिवसापासून मी पाहते आहे. वडिलांनी आईचं नाव कुठूनच कमी केलेलं नाही, बँकेतून नाही, दवाखान्याच्या कार्डातून नाही. कुठला तरी कागद कंपनीच्या हाती लागेल याची त्यांना धास्ती आहे. कोणी भेटायला आलं तर विषय बदलतात. आईसाठी त्या घरात कोणी मोकळेपणी रडलेलं नाही. आई गेली हे वाक्यच घरात कोणी बोलत नाही. आत्या वर येते, फोन घेते, खाली जाते. दोघं बहीण-भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. त्या कंपनीचं वाटोळं होवो असं मी म्हणाले होते, ते हवालदार साहेबांनी लिहिलेलं नाही. लिहिलं तरी चालेल.

परवा रविवारी मी गेले तेव्हा वडील बाहेरच्या खोलीत बसले होते. मी चपला काढताना जरा मोठ्याने बोलले. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, “हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा.” मी आत जाऊन पाहिलं. आत कोणी नव्हतं. पलंगावर चादर घालून ठेवली होती. बाहेर आले तर ते माझ्याकडे बघत होते, आणि काय बोलून गेलो ते त्यांना कळलं होतं. मी चहा केला. आम्ही दोघांनी तो प्यायला. मला भीती वाटते आहे, आणि म्हणून मी आज आले आहे.

मला साहेबांनी समजावून सांगितलं की या जबाबाने कंपनीवर फसवणुकीचा आणि धमकावल्याचा गुन्हा दाखल होईल, पण खोट्या सहीबद्दल माझ्या वडिलांची आणि आत्याचीही चौकशी होऊ शकते. तरी लिहू का, असं त्यांनी विचारलं. मी लिहा म्हणाले. आत्या माझ्याबरोबर आली आहे, तिचीही हीच इच्छा आहे. सही शिकवणारीला धरायचं असेल तर ती सापडणार नाही. वडिलांना मी इथे येताना कुठे चाललो आहोत ते सांगितलं. ते नको म्हणाले नाहीत, नुसती चप्पल घातली.

माझं म्हणणं एवढंच आहे. सभासदाच्या कार्डावरच्या फोटोतली बाई माझी आत्या आहे आणि ती हयात आहे. माझी आई दहा फेब्रुवारीला वारली आहे. माझे वडील विधुर आहेत. पैसे परत मिळाले तर हवेच आहेत, पण आधी ही तिन्ही वाक्यं सरकारी कागदावर एकाखाली एक लिहिलेली मला हवी आहेत, आणि त्याची नक्कल कंपनीला जावी.

माझा हा जबाब हवालदार साहेबांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडं असल्याने तो बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या वडिलांना आणि आत्यालाही ऐकू गेला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, काही खोडायचं नाही. वाचून संपल्यावर वडील उठून दारात आले आणि त्यांनी एक ओळ पुन्हा वाचायची विनंती केली. आई वारल्याची ओळ त्यांना पुन्हा वाचून दाखवली. वडील तिथेच, दाराच्या चौकटीला धरून, रडू लागले. आत्याने त्यांना धरलं आहे. ते थांबेपर्यंत सही थांबवली होती. आता करते.