मावशीची गांडुळं

आमच्या मावशीचं ऐका. नरखेडकडे तिची संत्र्याची बाग आहे. गांडूळखताच्या अनुदानासाठी तिनं अर्ज केला, आणि तपासणीचे साहेब आले नेमके भर दुपारी. खताचा ढीग लांबूनच पाहून म्हणाले, "यात गांडुळं दिसत नाहीत. अर्ज नामंजूर."

मावशी त्यांच्या मोटरसायकलसमोर उभी राहिली. "उन्हानं खाली गेले ते. हात घालून पाहा न जी."

"मी हात घालणार नाही, बाई."

"मंग मी बी हटत नाही."

अर्धा तास ती खरंच हटली नाही. शेवटी घामाघूम साहेबांनी उजवा हात ढिगात खुपसला आणि ओरडत बाहेर काढला. बोटांवर गांडुळं वळवळत होती.

"दिसले न? आता लिहा, लय आहेत म्हणून."

साहेबांनी डाव्या हातानं लिहिलं, पण अनुदान मंजूर झालं!