बॉयलरात पाणी सोडा!

१९४१ साल. जळगावात टुरिंग टॉकीजच्या तंबूबाहेर नेमीचंदशेठ तिकिटाच्या रांगेत उभे होते. वाफेच्या इंजिनाचा शोध लावणाऱ्या साहेबाचा सिनेमा लागला होता. पुढे भुसावळचा फायरमन लोटन आणि त्याची बायको मंजुळाबाई. शेठनी कान टवकारले.

"सलग तिसऱ्या दिवशी तोच सिनेमा?"

"अगं, वीस वर्षं इंजिनात कोळसा टाकतोय मी. बॉयलरातलं पाणी संपत आलंय हे मला नुसत्या आवाजावरून कळतं. त्या साहेबाला कुठे कळतंय?"

"म्हणून भर तंबूत उठून ओरडायचं?"

"मग काय, बॉयलर फुटू द्यायचा?"

"काल ओरडलात, तरी फुटलाच ना?"

"फुटला. पण परवापेक्षा जरा उशिरा फुटला."

मंजुळाबाईने पदर खोचला.

"असं? मग आज मीबी ओरडते."